माथेरानचा शोध आणि शालेय ग्रंथालयातील शोधशिक्षण

रायगड जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याने माथेरानचा पूर्वेतिहास शोधण्याचे मनात आणले आणि मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटीअरचे खंड त्याच्या हाती आले, तर तो साहजिकच कुलाबा जिल्ह्याचा खंड उघडील. रायगड हे कुलाबा जिल्ह्याचेच १ जानेवारी १९८१ पासून रूढ झालेले नाव होय, एवढे त्यास ठाऊक असते. कुलाबा व जंजिरा ह्यांचा हा अकरावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील स्थलवर्णनात अलिबाग, चौल, रायगड ही नावे सापडतात. माथेरानची नोंद सापडत नाही. विद्यार्थी येथेच थांबला, तर जुन्या सरकारी ग्रंथांत माथेरानची माहिती नाही असा निष्कर्ष तो काढील आणि वहीत तसे लिहूनही टाकील. वस्तुतः त्या गॅझेटीअरमालेतील माथेरानची नोंद चांगली विस्तृत आहे. मात्र ती ठाणे जिल्ह्याच्या स्थलवर्णनाच्या, म्हणजे चौदाव्या, खंडात आहे. तो खंड १८८२ चा. कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. कुलाबा जिल्ह्यास तो १८९१ मध्ये जोडण्यात आला. पुढे १९६४ साली कुलाबा जिल्ह्याचे सुधारलेले गॅझेटीअर निघाले, त्यात माथेरान आपल्या आजच्या जिल्ह्याच्या ग्रंथात आले. डोंगर जागचा हलला नाही. त्याची माहिती मात्र एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली.

शालेय ग्रंथालयात संशोधनाचे शिक्षण द्यावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते शिक्षण नेमके कशाचे, हे सांगणारे थोडे. वरील उदाहरणात त्या शिक्षणाचा पुष्कळसा आशय आला आहे. 'ह्या ग्रंथात नोंद नाही' आणि 'माहिती नाही' ही दोन विधाने निराळी आहेत, हे विद्यार्थ्यास समजणे ही त्याची पहिली पायरी. जिल्ह्याची सीमा ही राज्यकारभाराची रेघ असून ती काळानुसार सरकते, म्हणून ग्रंथाचे वर्ष पाहिल्यावाचून त्याची अनुक्रमणिका पाहण्यात अर्थ नाही, ही दुसरी. पहिला खंड मिटल्यावर जो विद्यार्थी 'असे का?' म्हणून विचारतो, त्याने संशोधनास आरंभ केला असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या उत्तरपत्रिकेत मात्र ह्या प्रश्नास कोठेही गुण नसतात. शिक्षण आणि मूल्यमापन ह्यांतील ही विसंगती आपल्याकडे कशी निर्माण झाली, हे पाहण्यास माथेरानसारखे स्थळ सोयीचे आहे. त्याचा लिखित इतिहास जेमतेम पावणेदोन शतकांचा असल्यामुळे साधने मोजकी आहेत, आणि तरीही मोठ्या इतिहासात अभ्यासकास ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बहुतेक सर्व येथे लहान प्रमाणात भेटतात.

नावांचा घोटाळा हा त्यांपैकी एक. इंग्रजी सूचीत ह्या जिल्ह्याचे जुने नाव शोधू गेले असता मुंबईच्या दक्षिण टोकावरील कुलाबा आधी समोर येतो. जिल्ह्याचे नाव एका आद्याक्षराने, तर मुंबईच्या भागाचे दुसऱ्या आद्याक्षराने लिहिण्याची इंग्रजीतील चाल ज्यास माहीत नाही, तो बराच वेळ चुकीच्या कुलाब्यात भटकतो. ठाण्याचेही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी कागदांत ते 'टॅना' असते, गॅझेटीअरात 'थाना' होते आणि आजच्या नकाशावर 'ठाणे'. देवनागरीत ज्या नावास एकच रूप आहे, त्याची रोमन लिपीत तीन-तीन रूपे असतात, हे मराठी शाळेतील मुलास कोणी सांगितलेले नसते. व्यक्तिनामांत तर फसगत अधिक. लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांच्या कारकिर्दीत माथेरानला गिरिस्थानाचे रूप येऊ लागले, असे वाचताच विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकातील एल्फिन्स्टन आठवतो. परंतु पेशवाईच्या अखेरीनंतर १८१९ ते १८२७ ह्या काळात गव्हर्नर असलेला व आपल्या शिक्षणाच्या इतिहासात ज्याचे नाव वारंवार येते, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. माथेरानशी संबंध आला तो १८५३ ते १८६० ह्या काळात गव्हर्नर असलेल्या जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन ह्याचा. मॅलेट नावाचाही असाच प्रकार. पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून राहिलेला चार्ल्स मॅलेट अठराव्या शतकाच्या अखेरचा. माथेरानच्या कथेतील ह्यू मॅलेट १८५० च्या सुमाराचा ठाण्याचा कलेक्टर. ग्रंथालयशास्त्रात एकाच नावाच्या दोन व्यक्ती जन्म-मृत्यूच्या वर्षांनी वेगळ्या दाखवण्याचा जो दंडक आहे, तो कारकुनी काटेकोरपणा नव्हे. ज्याच्यावाचून इतिहासच चुकतो असा तो आवश्यक विवेक आहे. तालिकेतील एक पत्र वाचावयास शिकवणे म्हणजे हा विवेक शिकवणे होय.

आता शोधाची कथा. मे १८५० मध्ये ह्यू मॅलेट ह्याचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक येथे होता. तेथून तो डोंगरावर चढला, वरचे रान व हवा त्यास आवडली, तो पुन्हा आला, आणि पुढे त्याने वर घर बांधले, असा वृत्तान्त आहे. चौक आज खालापूर तालुक्यात मोडते. ह्या वृत्तान्तावरून 'माथेरानचा शोध मॅलेटने लावला' हे वाक्य तयार झाले आणि ते प्रवासी-मार्गदर्शिका, स्पर्धा-परीक्षांची पुस्तके व शालेय निबंध ह्यांतून आजवर अखंड चालत आले आहे. वाक्य लहान व पाठ करावयास सोपे आहे, आणि परीक्षेत त्यास एक गुण हमखास मिळतो.

ह्या वाक्याची परीक्षा करण्यास बाहेरचे कोणतेही दुर्मीळ साधन लागत नाही. डोंगराचे नावच पुरे आहे. 'माथ्यावरील रान' अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात, तर 'मातेचे रान' अशी दुसरी. दोहोंपैकी कोणतीही खरी मानली, तरी नाव मराठी आहे. आणि ज्या स्थळास नाव आहे, त्या स्थळास नाव देणारे कोणी तरी आधी तेथे असलेच पाहिजेत. हे कोण होते, तेही इंग्रजी ग्रंथच सांगतात. डोंगरावर व त्याच्या उतारांवर धनगर, ठाकूर आणि कातकरी राहत असत. १८७१ साली स्मिथ नावाच्या डॉक्टराने माथेरानवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच तेथील माणसे, वनस्पती व प्राणी असा क्रम आहे, आणि त्यात माणसे पहिली आहेत. म्हणजे शोधाचे श्रेय ज्या परंपरेने मॅलेटला दिले, तिच्याच ग्रंथांत त्या श्रेयास मर्यादा घालणारा पुरावा शेजारी बसलेला आहे. दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवणे एवढेच विद्यार्थ्याने करावयाचे. मग तो असे लिहील, की युरोपीय अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ह्या डोंगरावर गिरिस्थान करण्याची कल्पना १८५० मध्ये मॅलेटपासून सुरू झाली. हे वाक्य पहिल्यापेक्षा लांब आहे, आणि खरे आहे. कर्जत-खालापूरच्या शाळांत ठाकूर, कातकरी व धनगर कुटुंबांतील मुले शिकतात. त्यांच्या पूर्वजांच्या पायाखालचा डोंगर दुसऱ्या कोणी 'शोधला' हे त्यांनी पाठ करावे की ते विधान तपासून पाहावे, हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही.

माथेरानच्या साधनांत तारखांचे तारतम्य शिकवणारेही एक सुबक उदाहरण आहे. ऑलिव्हर ह्याचे माथेरानवरील इंग्रजी पुस्तक १९०५ चे. नेरळहून वर जाणाऱ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरील आगगाडीचे बांधकाम १९०४ मध्ये सुरू होऊन ती १९०७ मध्ये वाहतुकीस खुली झाली. सर आदमजी पीरभॉय ह्यांचे कुटुंब, विशेषतः त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन, ह्यांचे हे कर्तृत्व. तेव्हा ऑलिव्हरच्या पुस्तकात आगगाडीविषयी काय असू शकेल व काय असू शकणार नाही, हे पुस्तक न उघडताही सांगता आले पाहिजे. ज्या विद्यार्थ्यास हे सांगता येते, त्याने साधनाचा काळ आणि घटनेचा काळ ह्यांतील भेद आत्मसात केला. पुढे ही साधने ग्रंथालयात एकत्र मिळत नाहीत, हेही त्याने अनुभवावे. ड्यूईच्या दशमान वर्गीकरणात भारताचा इतिहास ९५४ मध्ये, प्रवासवर्णन ९१५ मध्ये, वनस्पती ५८१ मध्ये, रेल्वे ३८५ मध्ये. एक डोंगर चार कपाटांत विभागलेला असतो. विषयाचे तुकडे कोठे कोठे गेले असतील ह्याचा अंदाज बांधता येणे, हे कोणत्याही एका पुस्तकाच्या वाचनापेक्षा मोठे कौशल्य आहे, आणि ते कपाटांपाशी उभे राहिल्यावाचून येत नाही.

हे कौशल्य आपल्या परीक्षांनी कधी मोजले नाही, ह्यास कारण परीक्षांच्या उत्पत्तीत सापडते. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. परीक्षेचा हेतू विद्यापीठात कोणास प्रवेश द्यावा हे ठरवणे हा होता. शाळेत काय शिकवावे हे ठरवण्याचा तिचा हेतू नव्हता. परंतु अल्पावधीतच तिने दुसरे काम हाती घेतले आणि नेमलेली पुस्तके हाच हायस्कुलाचा अभ्यास ठरला. ह्यात एक मौज आहे. त्याच पहिल्या तुकडीतील भांडारकर पुढे रत्नागिरीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले, आणि त्यांनीच साधनांच्या चिकित्सेची पद्धत ह्या प्रांतात रुजवली. त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास मूळ मुंबई गॅझेटीअरसाठी लिहिला गेला व १८८४ मध्ये निघाला. १८८८ साली चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक संशोधनपद्धतीवर त्यांनी मुंबईस व्याख्यान दिले. म्हणजे एकाच पिढीने परीक्षाही पाहिली आणि चिकित्साही निर्माण केली. परीक्षा शाळेत राहिली. चिकित्सा विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत गेली.

शाळेबाहेर तिची भरभराट झाली, हे नाकारता येत नाही. १८९८ मध्ये विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला; १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले; १९२० पासून श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांच्या ज्ञानकोशाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. ग्रंथालयांचीही चळवळ ह्याच काळातील. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. ठाण्याच्या संस्थेशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते विनायक लक्ष्मण भावे स्वतः जुन्या मराठी वाङ्मयाचे संशोधक होते. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन ह्यांस आणून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरवल्या. ह्या सर्वांत शाळेचे ग्रंथालय मात्र कोणाचेच नव्हते. ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांस ते शिक्षणखात्याचे वाटले, शिक्षणखात्यास ते पुस्तकांच्या कपाटापलीकडे काही वाटले नाही. स्वातंत्र्यानंतरही ही वाटणी मोडली नाही. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा नावाप्रमाणे सार्वजनिक ग्रंथालयांपुरताच आहे.

शालेय ग्रंथालयाची स्थिती कोणी पाहिली नव्हती असे नाही. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ मध्ये स्पष्ट शब्दांत नमूद केले, की बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालय नाही. पुस्तके जुनी व मुलांच्या आवडीनिवडीचा विचार न करता निवडलेली. खोली अपुरी व अनाकर्षक. आणि व्यवस्था एखाद्या कारकुनाकडे किंवा ह्या कामात रस नसलेल्या शिक्षकाकडे. त्याहूनही मुळाशी गेलेला विचार डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांचा होता. ग्रंथपाल होण्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते, आणि शालेय व महाविद्यालयीन ग्रंथालयांवरील त्यांचे पुस्तक १९४२ मध्येच निघाले होते. विद्यार्थी स्वतः शोधील, शिक्षक व ग्रंथपाल त्यास वाट दाखवतील, अशी त्यांची वर्गाची कल्पना होती. तिचा आदर झाला. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षांत तिच्यावर प्रश्नही विचारले गेले.

महाराष्ट्रात शाळेतील ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर अवलंबून ठेवण्याची पद्धत पडली. हजारांहून अधिक विद्यार्थी असल्यास पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याखाली अर्धवेळ, आणि लहान शाळेत कोणीच नाही, असा तिचा साधारण आशय. डोंगराळ तालुक्यांच्या दृष्टीने हा हिशेब उलटा आहे. ज्या शाळेजवळ दुसरे वाचनालय नाही, पुस्तकांचे दुकान नाही, तेथील विद्यार्थिसंख्या स्वभावतःच कमी असते. म्हणून जेथे ग्रंथपालाची गरज सर्वांत अधिक, तेथेच त्याचे पद नसते. माथेरान हे तर मोटारींस बंदी असलेले, पावसाळ्यात बहुतांश ओस पडणारे गाव. जुनी गॅझेटीअरे आता आंतरजालावर कोणासही पाहता येतात, हे खरे. परंतु ठाणे खंड उघडावा की कुलाबा खंड, हे यंत्र आपणहून सांगत नाही. साधनांची टंचाई ओसरली, तसतशी वाट दाखवणाऱ्याची उणीव उलट अधिकच जाणवू लागली आहे.

मूल्यमापनाच्या बाजूने एक प्रयोग झाला, त्याची हकीकत बोधप्रद आहे. शालान्त परीक्षेत ऐंशी गुण लेखी व वीस गुण शाळेने द्यावयाचे, अशी व्यवस्था बरीच वर्षे होती. तोंडी परीक्षा, प्रकल्प, स्वाध्याय ह्यांस त्यात स्थान होते, म्हणजे ग्रंथालयातील शोधासही होऊ शकले असते. प्रत्यक्षात हे वीस गुण सरसकट दिले जातात असा बोभाटा झाला, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे ह्यांपुरते ते काढून टाकण्यात आले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. गदारोळ झाला व त्याच वर्षी वीस गुण परत आले. ह्या सबंध वादात गुण असावेत की नसावेत ह्यावर पुष्कळ बोलले गेले. ते कशासाठी असावेत ह्यावर फारच थोडे. प्रकल्पांचे तयार तक्ते व कापून चिकटवावयाची छापील चित्रे कागद-वह्यांच्या दुकानांत विकत मिळतात, हे पालकांस, शिक्षकांस व परीक्षकांस सारखेच ठाऊक आहे. केवळ तयार वस्तूस गुण दिले, की वस्तू तयारच मिळू लागते. हा विद्यार्थ्यांच्या नीतिमत्तेचा प्रश्न मानणे उथळपणाचे होईल.

परदेशात ह्या विषयाचा जो अभ्यास झाला, त्यात दोन गोष्टी येथे उपयोगी पडण्याजोग्या आहेत. न्यू जर्सीतील एका हायस्कुलात ग्रंथपाल असलेल्या कॅरोल कुल्थाउ ह्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत विद्यार्थ्यांस आपल्या शोधाची रोजनिशी लिहावयास लावली. तीवरून असे दिसले, की शोध मध्यावर आला असता विद्यार्थ्याचा गोंधळ व साशंकता वाढते. साधने जमतात, पण त्यांचे म्हणणे परस्परांशी जुळत नाही. पुष्कळ जण येथेच शोध सोडून देतात किंवा पहिल्या साधनाची नक्कल करून मोकळे होतात. हा गोंधळ म्हणजे अपयश नव्हे, शोध खरोखर सुरू झाल्याचे ते लक्षण, असा त्यांचा निष्कर्ष. दुसरी गोष्ट सॅम वाइनबर्ग ह्यांच्या १९९१ च्या प्रयोगाची. त्यांनी आठ इतिहाससंशोधकांस व आठ शालेय विद्यार्थ्यांस तेच ऐतिहासिक कागद वाचावयास दिले. संशोधक कागद हाती येताच तो कोणी, केव्हा लिहिला हे आधी पाहत. विद्यार्थी पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत वाचत जात. ह्या विद्यार्थ्यांना इतिहासाची माहिती कमी नव्हती. कागदाची ओळख विचारण्याची सवय त्यांना कोणी लावली नव्हती. आमच्याकडे हीच सवय राजवाड्यांच्या प्रस्तावनांतून एका पिढीने उचलली होती, हे विसरता येत नाही.

शोध मोजावयाचा कसा, ह्यासाठी माथेरानच्याच एका सुपुत्राचा विषय घेऊन पाहावा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ह्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या मुलांसाठी त्यांनी शाळा चालवल्या, अडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे पोलिसांच्या गोळीबारात ते व त्यांचे सहकारी हिराजी पाटील मारले गेले. विद्यार्थ्यास एवढे लिहून आणण्यास सांगितले, तर तो एका संध्याकाळी लिहून आणील आणि त्यावरून परीक्षकास काहीच कळणार नाही.

तोच विषय शोध म्हणून दिला असता किती ठिकाणी अडतो ते पाहण्यासारखे आहे. सूचीत 'भाई' किंवा 'वीर' ह्या शब्दांखाली पाहून उपयोग नाही, ही बिरुदे आहेत. आडनावाची 'कोतवाल' व 'कोटवाल' अशी दोन्ही रूपे छापलेली आढळतात, तेव्हा दोन्ही पाहावी लागतात. जन्म तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. मृत्यू मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. लेखाच्या आरंभी जी जिल्ह्याची रेघ आडवी आली, ती येथे पुन्हा आडवी येते, आणि एकाच माणसासाठी दोन जिल्ह्यांचे ग्रंथ उघडावे लागतात. त्यावेळच्या सरकारच्या दृष्टीने मनोरे पाडणे हा गुन्हा होता. स्वातंत्र्योत्तर ग्रंथांत तीच कृती हौतात्म्याच्या कथेत येते. दोन प्रकारच्या कागदांत क्रियापदे बदलतात, तारीख बदलत नाही. त्यांतील घटना कोणती व मत कोणते, हे वेगळे करावे लागते. शिवाय ज्या शाळा त्यांनी चालवल्या, त्यांत शिकलेल्यांची स्मरणे घराघरांतून सांगितली जातात. ती लिहून घेताना सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे विचारण्याचा संकोच मुलांस वाटतो. वडील माणसास असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. 'आजोबा, हे तुम्ही पाहिलं होतं का, का कोणी तुम्हांला सांगितलं?' हा प्रश्न आदर राखून कसा विचारावा, हेही शिकवावेच लागते. पाश्चात्त्य पुस्तकांत ह्याचे मार्गदर्शन मिळण्यासारखे नाही.

ह्या सर्व अडचणींची नोंद विद्यार्थ्याने एका वहीत ठेवली, तर ती वही हेच उत्तम मूल्यमापनपत्र ठरते. कोणता ग्रंथ उघडला, कोणत्या नावाखाली पाहिले, काय सापडले नाही, मग कोठे गेलो, दोन साधने कोठे जुळली नाहीत, शेवटी कोणते विधान कितपत खात्रीने करता येते. एवढे त्यात असावे. न सापडल्याच्या नोंदीस गुण दिले पाहिजेत, हा ह्यातील कळीचा मुद्दा, आणि परीक्षकांस पचण्यास सर्वांत जड. अशी वही विकत मिळू शकत नाही, कारण प्रत्येकाची वाट निराळी असते. शेजाऱ्याची उतरवली तर पाच मिनिटांच्या तोंडी विचारपुशीत उघड होते. तिला खर्च नाही. वेळ मात्र लागतो: चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकी पाच मिनिटे धरली तरी तीन तास वीस मिनिटे होतात, म्हणजे सुमारे पाच तासिका. एवढ्या तासिका वर्षातून एकदा इतिहासाच्या वेळापत्रकातून काढणे शक्य आहे की नाही, हे मुख्याध्यापकांनी ठरवावयाचे आहे. ग्रंथपाल नसलेल्या लहान शाळेत वर्गच वीस मुलांचा असतो. तेथे हे काम निम्म्या वेळात होते, आणि अशाच शाळांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. चौक व नेरळ ही दोन्ही गावे माथेरानच्या पायथ्याशीच आहेत. तेथील मुलांना पहिला प्रश्न शोधण्यासाठी दूर जावयाचे नाही: वर दिसणाऱ्या डोंगराची नोंद आपल्या जिल्ह्याच्या जुन्या खंडात का नाही, एवढाच तो असावा.